मुस्लिम वस्तीत लसीकरण आणि टीबीचं काम कुठून सुरू करावं? अनुभवातून सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात लिहिते. तुमच्या शहरात यंत्रमागाला धरून वाढलेली जुनी मुस्लिम वस्ती आहे, तिथलं लहान मुलांचं लसीकरण शहराच्या सरासरीपेक्षा बरंच खाली आहे, टीबीचे पेशंट मध्येच औषध सोडतात, तुमच्या ट्रस्टकडे एका वर्षाचा सीएसआर (कंपनीने समाजकार्यासाठी दिलेला) निधी आणि दहाबारा कार्यकर्ते आहेत. प्लॅन असा की रॅली, पथनाट्य, उर्दू पोस्टर आणि महिन्याला एक मोफत शिबिर. आणि शेवटचं वाक्य, 'या लोकांची मानसिकता कशी बदलायची ते सांगा.'

मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होते आणि नंतर एका संस्थेबरोबर, अशाच साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शहरात बरीच वर्षं काम केलं. शहराचं नाव लिहीत नाही, कारण खाली पेशंटच्या गोष्टी येणार आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगते म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. तुम्ही ज्याला मानसिकता म्हणताय तो प्रॉब्लेमचा फार छोटा भाग आहे. मोठा भाग असा की आपली आरोग्यसेवा ज्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून चालवली जाते तो माणूस या वस्तीत राहतच नाही. सकाळी दहाला मोकळी असणारी आई, पक्का पत्ता, हातात सगळी कागदपत्रं, आणि खिडकीवर बोलायची हिंमत, हे सगळं गृहीत धरलेलं असतं. ते दुरुस्त केलं तर पोस्टर न लावताही आकडे हलतात, आणि ते तसंच ठेवलं तर कितीही पथनाट्यं करा, लोक टाळ्या वाजवून घरी जातील.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते. 'अल्पसंख्याक' म्हटलं की सगळ्यांचे प्रश्न सारखे असं नसतं. पारशी समाजाचं उदाहरण घ्या, २०११ च्या जनगणनेत देशभरात ५७,२६४ माणसं, त्यांचा प्रश्न म्हाताऱ्यांची काळजी आणि कमी जन्मदर हा आहे, त्यासाठी २०१३ मध्ये 'जियो पारसी' योजना आली. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या आदिवासी पाड्यावर विचाराल तर सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि दवाखान्याचं अंतर आधी येईल. मी जे सांगतेय ते शहरातल्या, दाट, कामगार मुस्लिम वस्तीपुरतं आहे. तुमच्या वस्तीत यंत्रमागाऐवजी भंगार, बेकरी किंवा जरीकाम असेल तर वेळापत्रक बदलेल, विचार करायची पद्धत तीच राहील.

अजून एक, जे ऐकून खूप लोकांना आश्चर्य वाटतं. मुस्लिम समाज सगळ्याच आरोग्य निर्देशांकांत मागे आहे असं नाही. मुस्लिमांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातच नोंद आहे की गरिबी आणि शिक्षण बघता जितके अपेक्षित त्यापेक्षा मुस्लिम घरांमधले बालमृत्यू कमी आहेत आणि मुलामुलींचं प्रमाणही बरं आहे. नंतर अर्थतज्ज्ञांनी खोलात जाऊन पाहिलं तर एक मोठं कारण निघालं संडासचा वापर. मुस्लिम कुटुंबं आणि त्यांचा शेजार उघड्यावर कमी जातो आणि त्याचा फायदा लहान बाळांना मिळतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'हे लोक अस्वच्छ, हे लोक मागास' असं डोक्यात धरून काम करणारा कार्यकर्ता पहिल्या घरातच ओळखला जातो. स्वच्छतेवर भाषण देऊ नका, त्या बाबतीत त्यांचं घर तुमच्या-माझ्यापेक्षा सरस असू शकतं. जिथे खरा फरक आहे तिथेच काम करा, म्हणजे लसीकरण, टीबी, गरोदरपणातली तपासणी, शुगर-बीपी.

आता पहिलं काम, यादी. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कुणी करत नाही आणि म्हणूनच सगळं पुढचं काम फसतं. २०११ नंतर बरीच वर्षं देशात जनगणनाच झाली नाही, त्यामुळे आरोग्य केंद्राकडे असलेली लोकसंख्या म्हणजे जुन्या आकड्यावर टक्केवारी चढवून काढलेला अंदाज असतो. दरम्यान वस्तीत मजल्यावर मजले चढलेत, कारखान्याच्या वर भाडेकरू राहतात, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली कुटुंबं सहा महिने असतात आणि परत जातात. आशाताईच्या नावावर ठराविक घरं असतात, आणि दोन आशांच्या हद्दीच्या मधली गल्ली कुणाचीच नसते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या हिशोबाने एका नागरी आरोग्य केंद्राखाली साधारण ५० हजार लोक असायला हवेत, प्रत्यक्षात अशा वस्त्यांमध्ये आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो आणि सिस्टर मात्र तेवढ्याच.

तेव्हा तुमच्या दहाबारा जणांना सगळ्यात आधी आशा आणि एएनएम सिस्टरबरोबर (लसी देणारी सरकारी नर्स) घरोघर पाठवा. स्वतंत्र जाऊ नका, नाहीतर हे कोण सर्व्हेवाले, कागद मागणारे, म्हणून दारं बंद होतील. गेल्या काही वर्षांत कागदपत्रांची भीती किती वाढलीय हे तुम्हाला माहीत असेलच, त्यामुळे आधार कार्ड मागायचं नाही, फोटो काढायचा नाही, फक्त पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, आणि घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का. मुलाचं लसीचं कार्ड बघायचं, नसलं तर नसलं, एक शब्द बोलायचा नाही. आणि लस राहिली असेल तर का राहिली ते आईच्या शब्दांत लिहून घ्यायचं, 'अज्ञान' किंवा 'नकार' असा तयार शिक्का मारायचा नाही.

ही कारणं वाचायला लागलात की चित्र बदलतं. आमच्याकडे येणारी उत्तरं साधारण अशी असायची: कुणी बोलवायलाच आलं नाही, त्या दिवशी बाळाला ताप होता तर परत पाठवलं आणि पुन्हा बोलावलं नाही, कार्ड हरवलं होतं आणि मागच्या वेळी सिस्टर ओरडली होती, गावाला गेलो होतो, मोठ्या मुलाला सुईनंतर फार ताप आला आणि नवरा म्हणाला आता नको. सरळ 'आमच्यात लस घेत नाहीत' म्हणणारी घरं असायची, नाही असं नाही, पण मूठभर, आणि शहरभर चर्चा मात्र त्यांचीच.

एक सोपी कसोटी देते, ती रजिस्टर घेऊन बसलात तर एका दुपारी होईल. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाचा (पाच आजारांवरची एकत्रित लस) पहिला डोस मिळतो आणि नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेलाचा पहिला. दोन्ही आकडे शेजारी मांडा. पहिल्या पेंटालाच फार बाळं कमी असतील तर आपण त्या घरांपर्यंत पोचलोच नाही, म्हणजे यादीचा आणि विश्वासाचा प्रश्न. पण पहिला पेंटा घेणारी भरपूर आणि गोवरापर्यंत निम्मी गळालेली असतील तर त्या आयांचा लसीला विरोध नाही हे उघड आहे, त्या पहिल्यांदा स्वतःच्या पायाने बाळ घेऊन आल्या होत्या, नंतर आपल्याकडे काहीतरी असं झालं की परत आल्या नाहीत. बहुतेक जुन्या वस्त्यांमध्ये मला हा दुसरा प्रकार जास्त दिसलाय. त्यावर उपाय जागृती नाही, सेवा सुधारणं आहे.

त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ताप. आपल्या सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याची जी लस असते ती अख्ख्या जंतूपासून बनवलेली, चांगली आहे, पण तिने ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर रडतं. एका खोलीत सात-आठ माणसं, त्यातला एक रात्रपाळी करून आलेला, एक पहाटे जाणार, आणि बाळ रडतंय. आईला काय काय ऐकावं लागत असेल विचार करा. घरात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई, नगावर पैसे मिळणारी, दुसऱ्या दिवशी तिचं कामही बुडतं. आता हे तिला आधी सांगितलं असेल, पॅरासिटामॉल मोजून हातात दिलं असेल, किती द्यायचं ते ड्रॉपरवर दाखवलं असेल, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन 'बाळ कसं आहे' विचारलं असेल, तर ती पुढच्या डोसला येते. लसीकरणात चार गोष्टी सांगायच्या असतात, कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, परत कधी यायचं, कार्ड सांभाळा. गर्दीत त्या चारही राहून जातात. तुमच्या कार्यकर्त्यांना मी काहीच काम सांगू शकत नसते तरी हे एक सांगितलं असतं: प्रत्येक सेशनला दोघं बसा, चार गोष्टी नीट सांगा, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन या.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, आणि तसंच मालेगाव, भिवंडीला गोवराची साथ आली तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. कोविडच्या काळात नियमित सेशन बंद पडली किंवा कमी झाली, सिस्टर आणि आशा दुसऱ्या कामाला लागल्या, त्या काळात जन्मलेली हजारो बाळं गोवराच्या डोसशिवाय राहिली. गोवर हा माहीत असलेल्या आजारांमध्ये सगळ्यात जास्त पसरणाऱ्यांपैकी, ज्या गर्दीत कुणालाच लस नाही तिथे एक रुग्ण बारा ते अठरा जणांना देऊ शकतो, म्हणून ९५ टक्के मुलांना दोन डोस मिळाल्याशिवाय साथ थांबत नाही. कुपोषित मुलाला गोवर झाला की न्यूमोनिया, जुलाब, आणि मृत्यू तिथे होतात. तेव्हा नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादाचा डोस आणि जिथे साथ जोरात होती तिथे सहा महिन्यांच्या बाळापासून झिरो डोस (नेहमीच्या डोसांत न मोजला जाणारा आधीचा डोस) द्यावा लागला. आणि त्यावेळीही टीव्हीवर चर्चा काय, तर 'विशिष्ट समाजाचा लसीला विरोध'. विरोध काही घरांत होता. पण दोन वर्षं सेशनच नीट झाली नाहीत हे त्या चर्चेत कुणी धरलं नाही.

पोलिओचा इतिहास तुमच्या टीमला जरूर सांगा, कारण हाच वाद देशाने एकदा पूर्ण करून पाहिलाय. पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांना मुस्लिम मोहल्ल्यांमध्ये विरोध झाला, नसबंदीची अफवा होती, ते खरंच. पण अफवेखाली एक सरळ प्रश्न होता: गटार तुंबलंय, पाणी घाण येतं, मूल जुलाबाने आजारी पडलं तर कुणी विचारत नाही, मग थेंब पाजायलाच तुम्ही दर महिन्याला दारात का येता? सरकार आणि युनिसेफने दोन गोष्टी केल्या. त्याच मोहल्ल्यातल्या बायकांना कार्यकर्त्या म्हणून घेतलं, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द अशा संस्थांना आणि इमामांना बरोबर घेतलं. आणि नंतर उत्तर प्रदेशातले ६६ आणि बिहारमधले ४१ असे १०७ अवघड ब्लॉक निवडून तिथे थेंबांच्या जोडीला ओआरएस-झिंक, स्वच्छ पाणी, हात धुणं, नियमित लसी असं सगळं एकत्र नेलं. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या वस्त्यांना 'हे कधीच ऐकणार नाहीत' म्हटलं जायचं त्यांनीच ते करून दाखवलं.

वेळापत्रकाबद्दल. साच्यांची पाळी बारा तासांची, पगार कापडाच्या मीटरवर, सुट्टी शुक्रवारी. आणि आपली ओपीडी सकाळी नऊ ते एक. म्हणजे ज्याला खोकला आहे तो कामगार आपल्याकडे यायचा तर पाळी बुडवून. तो येत नाही, तो रात्री नऊला गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, दोन दिवसांचं औषध घेतो, सुई घेतो, बरं वाटलं की कामावर. आपण म्हणतो लोक सरकारी दवाखान्यात येत नाहीत. संध्याकाळची ओपीडी हवी हे नागरी आरोग्य अभियानाच्या आराखड्यात आहेच, मुंबईतले 'आपला दवाखाना' रात्री उशिरापर्यंत चालतात, मग तुमच्याकडे का नको? तुमच्या ट्रस्टला महापालिकेत थोडं वजन असेल तर ते इथे वापरा, आठवड्यातून दोन संध्याकाळी ओपीडी आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर एक लसीकरण सेशन. शुक्रवारी वडील घरी असतात, आणि बाळाला घेऊन दोघं आले तर 'नवऱ्याने नको म्हटलं' हा प्रश्नच उरत नाही. आमच्या केंद्रात हा बदल झाला आणि पहिल्याच महिन्यात रांगेत पुरुष दिसायला लागले, कडेवर बाळ घेऊन.

आता जे बोलायला अवघड आहे ते. वागणूक. खिडकीवरचा क्लार्क बुरखा बघून आवाज चढवतो, लेबर रूममध्ये 'अजून किती पैदा करणार' असं कुणीतरी म्हणतं, नाव विचारलं की चेहरा बदलतो. मुंबईतल्या सेहत या संस्थेनं मुस्लिम बायकांच्या दवाखान्यातल्या अनुभवांवर अभ्यास केलाय, पण अभ्यासाची गरजच नाही, तुमच्या वस्तीतल्या चार बायकांबरोबर चहा प्या, त्या सांगतील. मला एक बाई आठवते, तिसऱ्या बाळंतपणाला घरीच राहिली, रक्तस्राव झाला, उशिरा आणली, वाचली. नंतर मी विचारलं आधी का नाही आलीस, तर दुसऱ्या बाळंतपणात एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तिला जे बोललं गेलं होतं ते तिने शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, चार वर्षांनी. तिला संस्थात्मक प्रसूतीचे फायदे सांगणारं पोस्टर दाखवून काय होणार होतं?

यावर काय करता येतं. स्टाफला 'संवेदनशीलता' या विषयावर दिवसभराचं लेक्चर दिलं तर लोक डबा खाऊन परत जातात, मला त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक, वस्तीतलीच एक थोडी शिकलेली, बोलकी बाई मानधन देऊन दवाखान्यात रोज बसवली, जी केसपेपर काढून देते, कुठली खिडकी ते दाखवते, आत सोबत जाते. नुसती ती तिथे उभी असली तरी लोकांचा आवाज खाली येतो. दुसरं, स्टाफचं ओझं कमी करणं. जी सिस्टर एका सकाळी सव्वाशे मुलांना सुई देऊन वर तीन रजिस्टर आणि मोबाइलवर नोंदी करतेय ती कुणावर तरी ओरडणारच, ते बरोबर नाही पण तसं होतं. तुमच्या पोरांनी नोंदी लिहायला मदत केली तर तिचा सूर बदलतो. तरीही कुणी धर्मावरून बोललंच तर लेखी तक्रार करा, तोंडी नको, आणि बाईला एकटीला पुढे करू नका, ट्रस्टच्या लेटरहेडवर करा.

मौलानांबद्दल तुम्ही विचारलंय. जरूर भेटा, अदबीने भेटा, पण सगळं त्यांच्यावर टाकू नका. मशिदीतून घोषणा झाली की सेशनचा दिवस आणि वेळ प्रत्येक घरात पोचते, हा फार मोठा फायदा आहे. पण ताप आल्यावर काय करायचं हे आईला मौलाना सांगणार नाहीत, ते दुसरी आईच सांगणार. त्यापेक्षा एक गट असा आहे ज्याला सगळे विसरतात, वस्तीतले युनानी आणि होमिओपॅथीचे डॉक्टर. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांचे फॅमिली डॉक्टर, रात्री बारालाही दार उघडणारे. त्यांना 'झोलाछाप', म्हणजे बोगस डॉक्टर, म्हणून हिणवलंत तर तुमचं काम तिथेच संपलं, त्यातले बरेच रीतसर पदवीधर असतात. त्यांच्याकडे जा, एकच विनंती करा: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन उतरलंय, तर थुंकी तपासायला आमच्याकडे पाठवा, रिपोर्ट आम्ही तुम्हालाच आणून देऊ आणि पेशंट तुमचाच राहील. पेशंट आपला राहतो हे दिसलं की ते पाठवतात. आणि मदरसे. शाळा तपासणीची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत, अंगणवाडीत जातात, मदरशात राहणारी मुलं बऱ्याचदा कुठल्याच यादीत नसतात, त्यांना दहा आणि सोळा वर्षांचा धनुर्वात-घटसर्पाचा डोसही मिळत नाही. नुसतं जाऊन विचारलं तर बहुतेक मदरसेवाले हो म्हणतात, त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

टीबीचा मुद्दा. औषध सहा महिने, मोफत, रोजच्या गोळ्या. मध्येच का सोडतात? दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताकद येते, आणि उधारी वाढलेली असते म्हणून माणूस कामावर जातो. रिकाम्या पोटी गोळ्यांनी मळमळतं आणि पोट खरंच रिकामं असतं. इथे खाणं हेच औषध आहे असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणते. झारखंडमध्ये 'राशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टीबी पेशंटच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. घरातल्यांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि संसर्ग पसरवणाऱ्या टीबीचं जवळपास निम्म्याने. डाळ-तांदळाने! निक्षय पोषण योजनेत सरकार पेशंटला महिन्याला पैसे देतं, २०१८ पासून ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १०००, पण ते बँक खात्यात येतात आणि यूपीहून आलेल्या कामगाराचं खातं गावाला, बंद पडलेलं, किंवा आधार जोडलेलं नाही. तुमचा एक माणूस फक्त या कामाला लावा, खाती चालू करून द्या, आणि सीएसआरचा पैसा पोस्टरऐवजी पेशंटच्या अख्ख्या घराच्या डाळ-तांदळावर घाला. घरच्यांचं वजन आणि खोकला महिन्याला बघा. हो, आणि तरुण मुलींच्या बाबतीत घरी जाताना बोर्ड लावलेली गाडी, जॅकेट, काहीही नको, टीबीचं शेजारी कळलं की लग्नं मोडतात.

रमझान. दरवर्षी त्या महिन्यात टीबीची औषधं सुटतात आणि शुगरचे पेशंट बेशुद्ध होऊन येतात, आणि दरवर्षी स्टाफ म्हणतो 'सांगून ऐकत नाहीत'. सांगायची वेळ रमझानच्या आधी सहा ते आठ आठवडे आहे, महिना सुरू झाल्यावर नाही. टीबीच्या गोळ्या दिवसातून एकदाच असतात, सहरीच्या वेळी की इफ्तारनंतर ते डॉक्टरने पेशंटबरोबर बसून ठरवलं तर रोजा आणि औषध दोन्ही होतं. शुगरचं वेगळं, इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्यांवर असलेल्यांचे डोस बदलावे लागतात, ते ज्याचं त्याच्या डॉक्टरनेच करायचं, व्हॉट्सॲपवरून नाही. बोट टोचून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही हे बहुतेक आलिम सांगतात, हे मात्र मौलानांच्या तोंडून आलं तर शंभर टक्के पटतं. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, आणि आजाऱ्याला कुराणातच सूट आहे, नंतर भरून काढता येतो. 'रोजा ठेवू नका' असा सरसकट हुकूम सोडला तर लोक डॉक्टर बदलतात, रोजा सोडत नाहीत. तुम्हाला एखादं शिबिर घ्यायचंच असेल तर ते रमझानच्या दीड-दोन महिने आधी, फक्त शुगर-बीपी-टीबीच्या चालू पेशंटसाठी घ्या.

एरवी महिन्याच्या शिबिराला माझा विरोध आहे. बीपी निघालं, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, फोटो काढला, पुढे काय? बीपीची गोळी रोज लागते, वर्षानुवर्षं. तेच पैसे मानधनावरच्या दोन स्थानिक बायका, संध्याकाळच्या ओपीडीला लागणारा जादा स्टाफ, पॅरासिटामॉल आणि डाळ-तांदूळ यात जास्त पुरतात. ऑपरेशनसारखा मोठा खर्च असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, ५ लाखांपर्यंत, त्यासाठी कागद लावून द्यायला माणूस लागतो, शिबिर लागत नाही.

थोडक्यात क्रम सांगते: पहिले दोन महिने यादी आणि कारणं, मग वेळ आणि खिडकी, त्याच्या बरोबरीने ताप-फॉलोअप आणि डाळ-तांदूळ, गल्लीतल्या डॉक्टरांच्या आणि मदरशांच्या भेटी मधल्या काळात, आणि रमझानची तारीख बघून उलटं मोजून त्याची तयारी. पोस्टर सगळ्यात शेवटी, उरले पैसे तर.

मोजायचं काय, तर फक्त तुमच्या वस्तीचा आकडा वाढला का ते बघू नका. शेजारच्या वॉर्डाचा आकडाही लिहा. दोन्हीकडे पाच-पाच टक्के वाढ झाली तर चांगलंच आहे, पण दरी होती तेवढीच राहिली आणि तुमचा प्रश्न दरीचा होता. वस्तीच्या आतही बघा, मुख्य रस्त्यावरच्या पक्क्या घरांतली मुलं भरून निघतात आणि नाल्याकडची भाडेकरूंची मुलं तिथेच राहतात, सरासरी मात्र छान दिसते. म्हणून यादीत गल्लीचं नाव असू द्या.

तुमच्या केंद्राची सध्याची ओपीडीची वेळ, सेशनचा वार, आणि गेल्या बारा महिन्यांचे पहिल्या पेंटाचे आणि पहिल्या गोवर-रुबेलाचे आकडे मिळाले तर इथेच टाका. नावं-पत्ते नकोत, नुसते आकडे. कुठे गळती होतेय ते बघून पुढचं सांगते.